जाळ विझला तरी निखारे राहतात : छोट्या अणुभट्ट्या थंड ठेवण्याचा इतिहास

आपल्या इतिहासाच्या सदरात आजचा विषय थोडा तांत्रिक आहे, पण अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांच्या तो अगदी दाराशी येऊन ठेपला आहे. गेली दोन-तीन वर्षं बातम्यांमध्ये ‘एसएमआर’ हा शब्द सारखा कानावर पडतो. एसएमआर म्हणजे स्मॉल मॉड्युलर रिॲक्टर. साधारण ३०० मेगावॅटपर्यंत वीज देणारी, शक्य तेवढे भाग कारखान्यात तयार करून जागेवर आणून जोडायची अणुभट्टी. डेटा सेंटरना लागणाऱ्या प्रचंड विजेसाठी गूगल आणि ॲमेझॉन या दोघांनीही ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा भट्ट्या बनवणाऱ्या कंपन्यांशी करार जाहीर केले. उद्या तुमच्या काउंटीत अशी भट्टी उभारायचा प्रस्ताव आला आणि जनसुनावणीची नोटीस आली, तर तिथे जाऊन काय विचारायचं? ‘सुरक्षित आहे का?’ असं विचारलं तर ‘हो’ असंच उत्तर मिळणार. नेमकं विचारायचं असेल तर या यंत्राची एक जुनी अडचण माहीत हवी. ती अडचण म्हणजे उष्णता. आज आपण तिचाच इतिहास पाहणार आहोत.

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना ही अडचण चटकन कळेल. बंबात मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. लाकडं काढून घेतली, जाळ विझला, तरी तळाशी निखारे राहतात आणि पाणी बराच वेळ तापत राहतं. अणुभट्टीचं तसंच आहे. नियंत्रक कांड्या आत सोडल्या की युरेनियमचे अणू फुटण्याची साखळी काही सेकंदांत थांबते. हा झाला जाळ. पण आधी फुटलेल्या अणूंचे तुकडे किरणोत्सर्गी असतात आणि त्यांच्यातून उष्णता निघतच राहते. हे झाले निखारे. भट्टी बंद करताक्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास आणि दिवसाने अर्धा टक्का.

अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण १००० मेगावॅट वीज देणाऱ्या मोठ्या भट्टीत उष्णता साधारण ३००० मेगावॅट निर्माण होते. म्हणजे बंद केल्यावर पहिल्या क्षणी सुमारे २०० मेगावॅट आणि दुसऱ्या दिवशीही १५ मेगावॅट उष्णता कुठेतरी नेऊन टाकावीच लागते. हे निखारे पाणी ओतून विझवता येत नाहीत. ते आपल्या गतीने निवेपर्यंत कुणीतरी, काहीतरी ती उष्णता वाहून नेत राहायला हवं. अणुभट्ट्यांच्या सुरक्षेचा बराचसा इतिहास हा या वाहून नेण्याचा इतिहास आहे.

पहिल्या भट्टीला हा प्रश्नच पडला नव्हता. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो विद्यापीठाच्या आवारात एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या विटा रचून जी भट्टी चालवली, तिची शक्ती त्या दिवशी जेमतेम अर्धा वॅट होती. थंड करायची सोय नव्हती आणि गरजही नव्हती. वर्षभरात ओक रिजला दुसरी भट्टी सुरू झाली, ती मोठ्या पंख्यांनी हवा खेळवून थंड ठेवत. १९४४ मध्ये हॅनफर्डची भट्टी सुरू झाली आणि तिथे हवा पुरेना, म्हणून कोलंबिया नदीचं पाणी आतून फिरवलं. दोन वर्षांत काहीच नाही, मग हवा, मग नदी. शक्ती वाढली की थंड करण्याचा खटाटोप कसा वाढतो, ते तेव्हाच दिसलं होतं.

युद्धानंतर प्रश्न आला की वीज करायची तर उष्णता कशातून वाहून न्यायची. या वाहून नेणाऱ्या पदार्थाला मराठीत शीतक म्हणतात. अमेरिकेत त्या काळात जवळजवळ सगळे शीतक वापरून पाहिले गेले, आणि तेही छोट्या भट्ट्यांमध्येच. २० डिसेंबर १९५१ रोजी आयडाहोच्या माळरानावर ‘ईबीआर-१’ नावाच्या भट्टीने चार विजेचे दिवे लावले. तिचं शीतक होतं सोडियम आणि पोटॅशियम यांचं वितळलेलं मिश्रण. वितळलेला धातू उष्णता फार पटकन वाहून नेतो आणि शेकडो अंशांपर्यंत उकळत नाही, त्यामुळे भांड्यात दाब लागत नाही. पण सोडियमला पाणी लागलं की आग. त्याची चुणूक पाणबुड्यांमध्ये दिसली.

अमेरिकी नौदलाच्या ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांनी दोन्ही प्रकार करून पाहिले. ‘नॉटिलस’ पाणबुडीत दाबाखालचं पाणी आणि ‘सीवुल्फ’मध्ये सोडियम. नॉटिलस जानेवारी १९५५ मध्ये अणुशक्तीवर समुद्रात निघाली आणि गाजली. सीवुल्फच्या सोडियमच्या यंत्रणेत गळती आणि दुरुस्तीचे त्रास सुरू झाले. शेवटी ती भट्टी काढून तिच्या जागी पाण्याची बसवली. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या जहाजात पाण्याशी वैर असलेला शीतक नको, हा निर्णय समजण्यासारखा होता. पण त्याचा परिणाम पाणबुडीपुरता राहिला नाही. १९५७ च्या अखेरीला पेनसिल्व्हेनियात शिपिंगपोर्टला जे ६० मेगावॅटचं वीजकेंद्र सुरू झालं, तेही रिकोव्हर यांच्या देखरेखीखाली आणि पाण्याचंच. उद्योग त्या वाटेने निघाला आणि आजही जगातल्या बहुतेक भट्ट्या पाण्यावरच चालतात.

पाण्याची मेख अशी की ते १०० अंशांना उकळतं. ३०० अंशांवर द्रवरूपात ठेवायचं तर वातावरणाच्या सुमारे दीडशेपट दाब लागतो, म्हणून जाड पोलादी भांडं, आणि नळी फुटली तर पाण्याची क्षणात वाफ. बाकीचे शीतकही अभ्यासले गेले. पेनसिल्व्हेनियातच पीच बॉटमला १९६७ ते १९७४ अशी सात वर्षं ४० मेगावॅटची हेलियम वायूवरची भट्टी चालली. ओक रिजला १९६५ ते १९६९ या काळात वितळलेल्या फ्लोराइड क्षारांवर चालणारी प्रायोगिक भट्टी होती. तिच्या तळाशी त्याच क्षाराचं गोठवलेलं बूच ठेवलं होतं. वीज गेली की बूच वितळून इंधनमिश्रित क्षार खालच्या टाक्यांत उतरावा, अशी योजना होती. आज नव्या म्हणून जाहिरात होणाऱ्या बहुतेक कल्पना या काळातल्या आहेत.

‘छोटी आणि सुट्या भागांची’ ही कल्पनाही जुनीच. १९६० च्या सुमाराला अमेरिकी लष्कराने दुर्गम तळांसाठी अशा भट्ट्या बनवल्या. एक ग्रीनलंडच्या बर्फाखाली कॅम्प सेंचुरीला नेली. दुसरी अंटार्क्टिकावर मॅकमर्डो इथे १९६२ पासून दहा वर्षं होती. पण याच कार्यक्रमातली एक आठवण विसरता येत नाही. ३ जानेवारी १९६१ रोजी आयडाहोत ‘एसएल-१’ या फक्त ३ मेगावॅट उष्णतेच्या भट्टीत दुरुस्तीच्या वेळी मधली नियंत्रक कांडी हाताने गरजेपेक्षा जास्त वर ओढली गेली. भट्टी क्षणार्धात भडकली आणि तिथे काम करणारे तिघे जवान मृत्युमुखी पडले. ती भट्टी पंपाशिवाय, पाण्याच्या नैसर्गिक अभिसरणाने थंड होणारी होती. थंड करण्याची पद्धत साधी असली तरी बाकीचं यंत्र आपोआप सुरक्षित होत नाही, हे त्या रात्री कळलं.

मग छोट्या भट्ट्या गेल्या कुठे? त्या महाग पडल्या. ६० मेगावॅटच्या केंद्राला आणि ९०० मेगावॅटच्या केंद्राला चालकांची पाळी, पहारा, परवाने, संरक्षक इमारत हे सगळं लागतंच. भट्टी पंधरापट मोठी केली म्हणून हा खर्च पंधरापट होत नाही. म्हणून १९६० च्या दशकाच्या शेवटी वीजकंपन्या ८००-१००० मेगावॅटची मागणी करू लागल्या. भट्टी मोठी झाली तसे निखारेही मोठे झाले. ते निववायला मोठे पंप आले, पंपांना वीज हवी, वीज गेली तर डिझेल जनरेटर हवेत, आणि जनरेटर चालू होईपर्यंत बॅटऱ्या. सुरक्षा एका लांब साखळीवर अवलंबून राहू लागली.

ही साखळी दोनदा कशी तुटली ते पाहू. २८ मार्च १९७९ च्या पहाटे पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या भट्टीत पाणीपुरवठ्यात बिघाड झाला आणि भट्टी ठरल्याप्रमाणे बंद पडली. जाळ विझला. पण दाब कमी करायला उघडलेली एक झडप बंदच झाली नाही आणि पाणी निघून जात राहिलं. नियंत्रण कक्षातल्या मोजमापांवरून चालकांना वाटलं की पाणी जास्त झालंय, म्हणून त्यांनी आपत्कालीन पाण्याचा ओघ कमी केला. जवळजवळ अर्धा गाभा वितळला.

दुसरी घटना ११ मार्च २०११ ची, जपानमधल्या फुकुशिमा दाइचीची. भूकंप झाल्याबरोबर चालू भट्ट्या बंद झाल्या. सुमारे ५० मिनिटांनी त्सुनामीचं पाणी शिरलं आणि डिझेल जनरेटर निकामी झाले. इथे पहिल्या भट्टीची गोष्ट लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे. तिला ‘आयसोलेशन कंडेन्सर’ होता. म्हणजे भट्टीच्या वर पाण्याची टाकी, टाकीतून जाणाऱ्या नळ्या. भट्टीची वाफ वर जाते, टाकीतल्या गारव्याने तिचं पाणी होतं आणि ते आपल्याच वजनाने परत खाली येतं. पंप नाही, वीज नाही. भूकंपानंतर तो आपोआप चालूही झाला होता. पण भट्टी फार वेगाने निवते आहे म्हणून चालकांनी नियमानुसार तो बंद केला. पुढे ते तो आलटून पालटून चालू-बंद करत होते, आणि त्सुनामी आली तेव्हा तो नेमका बंद होता. वीज गेल्यावर झडपा उघडायच्या कशा आणि कुठली झडप उघडी, कुठली बंद, हेही कळेना. विजेशिवाय चालणारं यंत्र विजेवर चालणाऱ्या झडपेने अडवलं.

आता आजच्या छोट्या भट्ट्यांकडे येऊ, म्हणजे त्यांच्या दाव्यात तथ्य किती ते कळेल. कपातला चहा बशीत ओतला की लवकर निवतो, कारण चहा तेवढाच आणि हवा लागणारा पृष्ठभाग जास्त. भट्टी लहान केली की हेच होतं. आतली उष्णता कमी आणि तिच्या मानाने भांड्याचा पृष्ठभाग जास्त. त्यामुळे उष्णता पंपाशिवाय बाहेर काढता येते. दुसरं तत्त्व तुमच्या गावाकडच्या गच्चीवर आहे. सूर्यबंबात खाली तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या टाकीत जातं आणि गार पाणी खाली उतरतं. तिथे पंप नसतो. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधनातून निघालेल्या नूस्केल कंपनीची भट्टी याच तत्त्वावर आहे. पोलादी भांड्यात भट्टी, तिच्याभोवती दुसरं पोलादी भांडं, आणि हे सगळं जमिनीखालच्या मोठ्या तलावात बुडवलेलं. निखाऱ्यांची उष्णता तलावात जाते. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने प्रमाणित केलेला हा पहिला छोटा आराखडा.

टोरांटोच्या पूर्वेला सुमारे ७० किलोमीटरवर डार्लिंग्टनला जी भट्टी उभी राहते आहे, ती जनरल इलेक्ट्रिकच्या परंपरेतली ‘बीडब्ल्यूआरएक्स-३००’. तिच्यातही पाणी आपोआप फिरतं आणि वर आयसोलेशन कंडेन्सर आहे. फुकुशिमात होता तोच प्रकार, पण एक धडा घेऊन. हिच्यातल्या झडपा वीज गेली की उघडतात. टाक्यांतलं पाणी सात दिवस पुरेल असा आराखडा आहे. एप्रिल २०२५ मध्ये तिला बांधकामाचा परवाना मिळाला.

इतर शीतकही परतले आहेत. वायोमिंगमधल्या केमररला टेरापॉवर कंपनीने जून २०२४ मध्ये सोडियमच्या ३४५ मेगावॅट भट्टीच्या जागेवर काम सुरू केलं. सोडियमच्या बाजूने एक जुना पुरावा आहे. ३ एप्रिल १९८६ रोजी आयडाहोतल्या ‘ईबीआर-२’ भट्टीत मुद्दाम पंप बंद केले आणि नियंत्रक कांड्या सोडल्याच नाहीत. इंधन आणि सोडियम तापून प्रसरण पावले आणि साखळी आपसूक मंदावली. भट्टीला काही झालं नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी चेर्नोबिल घडलं आणि या प्रयोगाची कुणाला आठवणही राहिली नाही. मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी. १९६६ मध्ये डेट्रॉइटजवळच्या ‘फर्मी-१’ या सोडियमच्या भट्टीत धातूचा एक सुटा पत्रा प्रवाहाच्या वाटेत अडकला आणि इंधनाचा काही भाग वितळला. हेलियमवरच्या भट्टीत चीनने आघाडी घेतली. शिदाओवानची भट्टी डिसेंबर २०२३ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाली आणि तिथेही थंड करणारी यंत्रणा मुद्दाम बंद करून भट्टी आपोआप निवते, हे दाखवण्यात आलं.

म्हणजे निखाऱ्यांच्या प्रश्नावर छोट्या भट्टीकडे चांगलं उत्तर आहे. मग अडतं कुठे? पैशापाशी, ६० वर्षांपूर्वी अडलं होतं तिथेच. युटा आणि आसपासच्या राज्यांतल्या गावांच्या वीजसंघटनेने आयडाहोत नूस्केलच्या सहा भट्ट्या बसवायचं ठरवलं होतं. आधी विजेचा अपेक्षित दर युनिटला ५.८ सेंट होता. जानेवारी २०२३ मध्ये तो ८.९ सेंट झाला, तेही सरकारी सवलत धरून. प्रकल्पाचा अंदाज ५.३ अब्ज डॉलरवरून ९.३ अब्जांवर गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकल्प रद्द झाला. भट्टीत दोष निघाला नव्हता. वीज घ्यायला पुरेशी गावं तयार झाली नाहीत.

किंमत खाली आणायला कंपन्या काय करतात? भट्टी वाढवतात. नूस्केलची भट्टी ५० मेगावॅटवरून ७७ वर गेली. न्यू जर्सीतल्या होल्टेक कंपनीचा मूळ आराखडा १६० मेगावॅटचा आणि पंपाविना होता. तो ३०० चा केला तेव्हा पंप परत आले. निखारे आपोआप निवतील अशी सोय त्यांनी ठेवली आहे, पण कल कुठे आहे ते लक्षात घ्या. थंड ठेवायला लहान आकार बरा आणि खर्चाला मोठा बरा. ही ओढाताण १९५७ पासून चालू आहे. ‘एकाच आराखड्याच्या पुष्कळ भट्ट्या कारखान्यात केल्या तर स्वस्त पडतील’ हा कंपन्यांचा युक्तिवाद खरा ठरू शकतो, पण त्यासाठी आधी पुष्कळ भट्ट्या विकल्या जायला हव्यात. डार्लिंग्टनच्या चार भट्ट्यांचा अंदाज २०.९ अब्ज कॅनेडियन डॉलर आहे. पहिली सगळ्यात महाग आणि चौथी स्वस्त, असा हिशेब मांडला आहे. तो जमतो का, यावर बरंच ठरेल.

या गोष्टीत महाराष्ट्राचाही भाग आहे. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला ऑक्टोबर १९६९ मध्ये भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, ते जनरल इलेक्ट्रिकच्या दोन भट्ट्यांवर. सुरुवातीला प्रत्येकी २१० मेगावॅट, नंतर १६०. आजच्या व्याख्येत बसवल्या तर त्या छोट्याच भट्ट्या. तारापूरने आणखी एक गोष्ट शिकवली. भट्टी आपली असली तरी इंधन दुसऱ्याचं असू शकतं. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने तारापूरच्या इंधनाचा पुरवठा आधी रखडवला आणि मग थांबवला, आणि १९८० च्या दशकात ते फ्रान्सकडून घ्यावं लागलं. केमररच्या प्रकल्पालाही नेमका हाच फटका बसला. तिथे लागणारं जास्त समृद्ध युरेनियम व्यापारी प्रमाणावर फक्त रशियाकडून मिळत होतं. युक्रेन युद्धानंतर तो मार्ग बंद झाला आणि प्रकल्प निदान दोन वर्षं लांबला.

भारतानेही २०२५ च्या अर्थसंकल्पात छोट्या भट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपये ठेवले आणि २०३३ पर्यंत देशी बनावटीच्या किमान पाच भट्ट्या चालवायचं उद्दिष्ट जाहीर केलं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने होल्टेकला आपलं तंत्रज्ञान भारतातल्या तीन कंपन्यांना द्यायची परवानगी दिली. त्यातली एक होल्टेकची स्वतःची, पुण्यातली कंपनी. म्हणजे न्यू जर्सीतल्या आपल्या श्रोत्यांच्या शेजारची भट्टी आणि त्यांच्या भावंडांच्या शेजारची भट्टी उद्या एकाच आराखड्याची असू शकते.

तर श्रोतेहो, सुनावणीला जाल तेव्हा हे प्रश्न सोबत न्या. भट्टी बंद केल्यावर तिची उष्णता कुठे जाणार आणि कुणाच्याही मदतीशिवाय किती दिवस? वीज गेली तर झडपा उघड्या राहतील की बंद, आणि नियंत्रण कक्षात ते कसं कळेल? हे प्रत्यक्ष करून पाहिलंय, की फक्त संगणकावर? इंधन कुठून येणार? आणि अंदाज चुकून खर्च वाढला तर तो कंपनी सोसणार की आमच्या बिलात येणार? या प्रश्नांची आकड्यांसह उत्तरं देणाऱ्या प्रकल्पाचं म्हणणं मोकळ्या मनाने ऐकावं. नुसतं ‘नवं तंत्रज्ञान आहे’ असं उत्तर आलं, तर १९६१ चं आयडाहो, १९७९ चं पेनसिल्व्हेनिया आणि २०११ चं फुकुशिमा यांची नावं घ्यावीत आणि प्रश्न पुन्हा विचारावा. घरातल्या शाळकरी मुलांनाही सोबत न्या. या भट्ट्या ६० वर्षं चालवायच्या म्हणून बांधल्या जात आहेत, त्यांच्याशेजारी राहायचं आहे ते त्यांनाच.

आज इथेच थांबू. पुढच्या भागात भेटूच. नमस्कार.